मळ्यातला मुक्काम, भाग सातवा : भीमेच्या पलीकडचं पेडगाव

नगर शहराच्या सहलीचा दिवस या आठवड्यात यायचा होता. तो पुढं ढकलतो आहे, कारण यवतच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि त्यांचा प्रश्न बाजूला ठेवता येईना. ते विचारतात, "न्हावऱ्याच्या मळ्यात मुक्काम करून तुमची मंडळी शिवनेरीला जातात, रांजणगावला जातात, निघोजचे रांजणखळगे बघून येतात. पेडगावचा किल्ला शिवनेरीपेक्षा कितीतरी जवळ आहे. तिकडं कुणीच कसं जात नाही?"

माझ्या मते याचं कारण भीमा नदी. दौंड तालुक्याच्या उत्तरेला भीमा वाहते. घोड तिला मिळाली, की पुढं तीच जिल्ह्याची हद्द होते. अलीकडचा काठ पुणे जिल्ह्यात आणि पलीकडचा श्रीगोंद्यात, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यात. पुण्याच्या सहलींची माहिती भीमेच्या काठावर थांबते आणि नगरच्या माहितीत शिर्डी-भंडारदऱ्यापुढं या दक्षिण टोकाकडं लक्ष जात नाही. अपवाद एका सिद्धटेकचा, तोही अष्टविनायकाच्या यात्रेमुळं. शिरापूरच्या काठावरून होडीत बसून सिद्धिविनायकाला जाणं दौंडकडच्या जुन्या माणसांना चांगलं आठवतं. आता पूल झाला आहे. गाड्या पूल ओलांडतात, दर्शन घेतात आणि आल्या वाटेनं परत फिरतात. तिथून थोड्याच अंतरावर, नदीच्या वरच्या अंगाला, याच काठावर पेडगाव आहे.

पेडगावचा किल्ला म्हणजे बहादूरगड. अलीकडं त्याला धर्मवीरगड म्हणतात. हा भुईकोट आहे, त्यामुळं चढ नाही आणि पायऱ्याही नाहीत. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना घेऊन जाता येईल असा किल्ला कोणता, असं मला बरेचजण विचारतात. त्यांनी आधी इथं यावं.

औरंगजेबाचा दूधभाऊ बहादूरखान कोकलताश १६७२ च्या सुमारास दक्षिणेचा सुभेदार झाला आणि त्यानं इथं छावणी टाकली. जागा त्यानं फार विचारानं निवडली होती. मुघल फौज म्हणजे घोडे, हत्ती, उंट, बाजारबुणगे आणि त्या सगळ्यांची तहान. इथं भीमेचं पाणी आहे, घोडदळाला लागणारं सपाट रान आहे, वैरण आहे आणि पाठीशी नगरचा बळकट किल्ला आहे. १६७४ मध्ये, राज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांत, शिवाजी महाराजांच्या फौजेनं याच छावणीला चकवलं. एक तुकडी खानाच्या सैन्याला हुलकावणी देत लांब घेऊन गेली आणि दुसरीनं रिकाम्या पडलेल्या पेडगावातला खजिना आणि घोडे नेले. लूट एक कोटीची होती असं सांगतात.

आता मला पाण्याबद्दल लिहायचं आहे, कारण पेडगावात माझा सगळ्यात जास्त वेळ तिथंच जातो. किल्ल्याची जमीन नदीच्या पात्रापेक्षा बरीच उंच आहे. एवढ्या वस्तीला घागरी वाहून पाणी पुरणार नाही. म्हणून नदीकडच्या तटाला लागून उंच बांधकाम करून वर मोटा बसवल्या होत्या. त्यांचे अवशेष आजही उभे आहेत. गावकरी त्याला हत्तीमोट म्हणतात, म्हणजे ती मोट हत्ती ओढायचे. आपल्या भागात विजेचे पंप येण्याआधी विहिरीवर हेच चालायचं. बैल धावेवरून उतारानं पुढं गेले की नाडा ताणला जायचा, चामड्याची मोट वर यायची, सोंदूर, म्हणजे सोंडेचा दोर, सैल पडला की तिची सोंड थारोळ्यात रिकामी व्हायची आणि पाणी पाटाला लागायचं. पेडगावात हीच रीत आहे, फक्त विहिरीच्या जागी नदी आहे आणि पाणी पुढं खापरी नळांनी आत खेळवलेलं आहे. वर जाऊन पाणी कुठं पडत असेल, कुठं वळत असेल, हे नजरेनं शोधत चला. बरोबर ज्यांनी स्वतः मोट हाकली आहे असे कुणी आजोबा असतील, तर त्यांना पुढं करा. मुलांना जे मला तासभर समजावून सांगता येणार नाही, ते आजोबा हातवारे करून क्षणात दाखवतात.

मंदिरं मुघलांच्या कितीतरी आधीची, यादवकाळातली. गावाकडच्या वेशीतून आत शिरलं की भैरवनाथाचं देऊळ लागतं. पुढं मल्लिकार्जुन, रामेश्वर, बालेश्वर आणि सगळ्यांत देखणं लक्ष्मी-नारायण. त्याच्या बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकाम नीट बघायला हवं, म्हणून उन्हं तिरपी असताना जा. दुपारच्या उन्हात कोरीव दगड सपाट दिसतो.

पेडगावला जायलाच हवं, याचं खरं कारण मात्र १६८९ सालातलं आहे. संगमेश्वरी पकडलेल्या संभाजी महाराजांना आणि कवी कलशांना शेख निजाम मुकर्रबखानानं इथं आणलं. औरंगजेब बादशहा अकलूजची छावणी हलवून इथं आला होता. १५ फेब्रुवारीला कैद्यांना विदूषकाचे कपडे चढवून, उंटावर बसवून छावणीतून फिरवलं. डोळे काढण्याची शिक्षा झाली. मार्चच्या सुरुवातीला छावणी भीमेच्या वरच्या अंगाला, भीमा-इंद्रायणीच्या संगमाकडं हलली आणि ११ मार्चला, फाल्गुन अमावास्येला, महाराजांना ठार मारलं. दुसऱ्या दिवशी पाडवा होता. त्या संगमावरच्या तुळापूरला आणि शेजारच्या वढू बुद्रुकला आज हजारो माणसं जातात, अमावास्येला तर उभं राहायला जागा नसते. पण तिथं पोचणारा माणूस शेवटचा दिवस बघतो. त्याआधीचे दिवस पेडगावात गेले आणि मधली वाट दौंड-शिरूरच्या याच मुलखातून गेली. पेडगाव न बघता तुळापूरला गेलं तर ती हकीकत मधूनच सुरू होते.

म्हणून माझा आग्रह असा, की मुक्काम मधे करावा. न्हावरा, मांडवगण फराटा किंवा चौफुल्याच्या आसपास मळ्यात राहण्याची सोय असेल तिथं. पहिल्या दिवशी पेडगाव. दुसऱ्या दिवशी तळेगाव ढमढेरे, शिक्रापूर, कोरेगाव भीमा करत वढू आणि तुळापूर. दोन्ही एकाच दिवसात उरकता येतील का, असं विचारलं जातं. अंतर पाहिलं तर येतील, पण मी तसं कुणालाच सांगणार नाही.  इटलीतल्या टस्कनीत ऑलिव्हच्या मळ्यात उतरलेली माणसं एक दिवस सिएनाला देतात, एक लुक्काला आणि संध्याकाळी जेवायला मळ्यात परत येतात. शहर कितीही मोठं असो, त्याला त्याचा दिवस मिळतो. पेडगावच्या बाबतीत आपण फार घाई करतो.

जायचं ते हिवाळ्यात. मळ्यात हुरडा असतो, राहू-पारगावकडं गुऱ्हाळं पेटलेली असतात, आणि रात्री मासवडी करणारी मावशी भेटली तर दुसऱ्या दिवसाची न्याहारी लांबतेच. मात्र हाच गळिताचा हंगाम असतो. पाटसच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर असतात आणि काळोख पडल्यावर मागचे दिवे नसलेली एखादी बैलगाडी अचानक समोर येते. तेव्हा सकाळी लवकर निघा आणि दिवस मावळायच्या आत भीमेचा पूल ओलांडून अलीकडं या. किल्ल्यात सावली फार थोडी आणि खायला काही मिळेल याचा भरवसा नाही. मळ्यातूनच भाकरी, चटणी आणि भरपूर पाणी बांधून घ्या. झुडपांत काटे आहेत, पायात बूट हवेत.

नगर पुढच्या आठवड्यात, नक्की. त्यात भुईकोट, चांदबिबी, दमडी मशीद आणि भिंगार येईल. पेडगावला आलेला बादशहा पुढं अठरा वर्षांनी, १७०७ मध्ये, भिंगारलाच मेला. नगरचा भुईकोट लष्कराच्या ताब्यात आहे, तेव्हा ज्यांना माझ्याआधीच निघायचं असेल त्यांनी सरकारी ओळखपत्र बरोबर ठेवावं आणि त्या दिवशी आत सोडतात का, हे आधी विचारून घ्यावं.