दोन डॉलरमध्ये अर्धा तास नाच

लॉन्ड्रीतलं जुनं, नाणं टाकून चालणारं वॉशिंग मशीन. त्यात दोन डॉलरचं नाणं सारायचं, आपला फोन जोडायचा, की स्पीकर आणि दिवे सुरू होतात आणि समोरच्या उघड्या फरशीवर अर्धा तास नाचता येतं. तिकीट नाही, आयोजक नाही, ओळखपाळख लागत नाही. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात २०१२ साली एका मोकळ्या प्लॉटवर बसवलेला हा ‘डान्स-ओ-मॅट’. भूकंपात नाचाचे हॉल गेले होते, त्यावर शोधलेला हा उपाय. त्याच वर्षी शहरभेटीला आलेले तेव्हाचे प्रिन्स चार्ल्स आणि कॅमिलाही इथे नाचून गेले.

हा उद्योग ‘गॅप फिलर’ या संस्थेचा. कोराली विन, रायन रेनॉल्ड्स आणि अँड्र्यू जस्ट यांनी ती सुरू केली ४ सप्टेंबर २०१०च्या ७.१ रिश्टरच्या भूकंपानंतर. नोव्हेंबरमध्ये कोलंबो स्ट्रीटवरच्या एका पडक्या जागी त्यांनी उघड्यावर सिनेमा, गाणं, कवितावाचन असा मेळ जमवला. मग २२ फेब्रुवारी २०११ उजाडला. दुपारी १२.५१ला, शहराला लागूनच, जमिनीखाली थोड्याच खोलीवर धक्का बसला आणि १८५ माणसं गेली. पुढे शहराच्या मध्यभागातल्या हजाराहून अधिक इमारती पाडाव्या लागल्या. मध्यभागात शिरायला असलेली बंदी पूर्ण उठायला जून २०१३ उजाडला.

एवढ्या रिकाम्या शहरात माणसाने यायचं कशाला? गॅप फिलरने या प्रश्नाला एकेका प्लॉटवर उत्तर दिलं. मध्यवर्ती ग्रंथालय बंद पडलं होतं. त्यांनी रस्त्याकडेला काचेच्या दाराचा फ्रिज उभा केला, आत पुस्तकं. एक न्या, आपल्या विचारांना वळण देणारं एक ठेवा.

सर्वांत मोठं धाडस ‘पॅलेट पॅव्हिलियन’चं. पाडलेल्या हॉटेलच्या जागी स्वयंसेवकांनी माल ठेवायचे तीन हजारांहून अधिक निळे लाकडी पॅलेट रचून खुला रंगमंच उभारला. एका उन्हाळ्यापुरता होता, पण लोकांना सोडवेना. अडचण एकच: सगळं लाकूड, आगीची धास्ती, म्हणजे रात्रंदिवस पहारा आणि त्याचा खर्च. लोकांनी वर्गणी काढून ८० हजार डॉलरहून जास्त रक्कम जमवली आणि मंडप आणखी एक वर्ष राहिला. मला यात या कामाची खरी कसोटी दिसते. बांधकाम हातांनी होतं, पण ते चालवायला दर महिन्याला पैसा आणि माणसं लागतात. डान्स-ओ-मॅट इतका टिकला त्याचं कारणही हेच: त्याला राखणदार लागत नाही आणि जागा गेली की तो उचलून दुसरीकडे नेता येतो.

जागा मिळवणं हेही वेगळं काम आहे. मालकाला धास्ती असते, की कोणी पडलं-झडलं तर जबाबदारी कोणाची, आणि बांधकाम सुरू करायच्या वेळी हे लोक हलतील ना? २०१२मध्ये निघालेली ‘लाइफ इन व्हेकंट स्पेसेस’ ही संस्था मध्यस्थ म्हणून करार, विमा आणि परवानग्या सांभाळू लागली. मला हे काम रंगमंचाइतकंच मोलाचं वाटतं, जरी त्याचे फोटो कोणी काढत नाही.

मध्यवर्ती ग्रंथालयाची नवी इमारत, ‘तूरांगा’, उघडली ऑक्टोबर २०१८मध्ये. भूकंपानंतर साडेसात वर्षांहून जास्त काळाने. एवढ्या काळात बालवाडीतलं मूल हायस्कुलात जातं. शहराच्या पुनर्बांधणीचे आराखडे करणाऱ्यांनी या मधल्या वर्षांसाठीही पैसा आणि जागा राखून ठेवावी.