सेवाव्रती डॉ. द्वारकानाथ कोटणीस

आपल्या जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी मराठे व इंग्रज यांच्यात घनघोर लढाई झाली. इंग्रजांच्या बाजूचेच दीड हजारांहून अधिक सैनिक ठार वा जखमी झाले. सेनापतींची नावे इतिहासाने जपली. घायाळांच्या जखमा बांधणाऱ्यांची नावे मात्र फारशी कोणाला ठाऊक नाहीत. रणभूमीवरील शुश्रूषेनेच ज्यांचे नाव अमर झाले, असे महाराष्ट्राचे सुपुत्र म्हणजे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

१० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरातील एका मध्यमवर्गीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले. चीनच्या साहाय्यार्थ राष्ट्रीय काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक धाडले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते, तसेच अवघ्या सत्तावीस वर्षांचे कोटणीसही होते.

चीनमध्ये असतानाच वडिलांच्या निधनाची वार्ता त्यांना मिळाली. घरी परतण्यास याहून मोठे कारण ते कोणते? तरीही हाती घेतलेले कार्य त्यांनी अर्धवट सोडले नाही. काही सहकारी मायदेशी परतले. कोटणीस मात्र राहिले. त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली. १९४० मधील एका मोठ्या लढाईत ७२ तास विश्रांती न घेता त्यांनी जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. पुढे कॅनडाचे सेवाभावी शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथून यांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या रुग्णालयाची धुरा त्यांच्याकडे आली.

तेथील परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी १९४१ मध्ये ते विवाहबद्ध झाले. पुढील वर्षी पुत्र झाला. त्याचे नाव ‘यिनहुआ’ ठेवले. त्यात भारत आणि चीन ही दोन्ही नावे गुंफलेली होती. परंतु अपस्माराच्या विकाराने आणि अतिश्रमाने देह खंगत गेला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. बाळ तेव्हा अवघे काही महिन्यांचे होते.

चीनमधील शिचियाच्वांग येथे त्यांची समाधी आहे, तर सोलापूरच्या राहत्या घरी स्मारक. दान देऊन मोकळे होणारे पुष्कळ असतात. दुःखितांपाशी अखेरपर्यंत थांबून राहणे ही त्याहून कठीण सेवा होय, आणि ती डॉ. कोटणीसांनी आपल्या आयुष्याचे मोल देऊन पार पाडली.