प्रश्नाचीच परीक्षा

दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग असलेल्या घरी बोर्डो मिश्रण कोणाला ठाऊक नसते? १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. वेलींवर केवडा पडू नये म्हणून ते फवारतात. फवारण्यापूर्वी त्यात लोखंडी विळा बुडवून पाहतात. विळ्यावर तांबूस थर चढला, तर आणखी चुना घालतात. नाहीतर पाने करपतात.

विद्यार्थी मित्रांनो, यावर प्रवेशपरीक्षेसाठी एक प्रश्न रचू या. ‘विळ्यावर तांबूस थर का चढला? (अ) मोरचूद कमी पडले. (ब) चुना जास्त झाला. (क) चुना कमी पडल्यामुळे तांब्याचे आयन द्रावणात मोकळे राहिले व लोखंडाने त्यांची जागा घेतली. (ड) विळ्याचे सोने झाले.’

रसायनशास्त्राचे पुस्तक न उघडलेला मुलगाही (क) लिहील! (ड) ही थट्टा झाली. (अ) आणि (ब) यांचा अर्थ जवळजवळ एकच. दोन्ही बरोबर असणे शक्य नाही, म्हणून दोन्ही बाद. उरले ते लांबलचक वाक्य. महाराष्ट्राच्या सीईटीत रसायनशास्त्राचे ५० प्रश्न असतात आणि चुकीबद्दल गुण कापत नाहीत. नुसत्या अंदाजाने तेथे सरासरी साडेबारा गुण पडतात. प्रत्येक प्रश्नात दोन पर्याय असे आपोआप गळाले, तर पंचवीस!

आता दुरुस्ती करू. मुंबईच्या मुलाने बाग पाहिलेली नसते. म्हणून मिश्रणाची कृती प्रश्नातच द्यावी आणि थर ‘मिनिटभरात’ चढला असे सांगावे. पर्याय असे : चुना कमी पडला, चुना जास्त झाला, पाणी जास्त झाले, विळा गंजला. यातला शेवटचा पर्याय हा खरा चकवा. तांबूस रंग म्हटला की गंज आठवतो, पण गंज मिनिटभरात चढत नाही.

प्रश्न खरोखर सुधारला का, हे मात्र मुलांची उत्तरेच सांगतात. समजा, १०० मुलांपैकी ५४ जणांचे उत्तर बरोबर आले. मग काठिण्य निर्देशांक ०.५४. (नाव काठिण्याचे, पण आकडा मोठा तितका प्रश्न सोपा!) आता संपूर्ण परीक्षेतील गुणांवरून वरची २७ आणि खालची २७ मुले घ्या. २७ टक्क्यांचा हा गट केली या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३९ मध्ये सुचवला. वरच्या गटात २२ आणि खालच्या गटात ८ उत्तरे बरोबर असतील, तर फरक १४. त्याला २७ ने भागा : ०.५२. हा भेदन निर्देशांक. अभ्यास केलेला आणि न केलेला विद्यार्थी हा प्रश्न चांगला वेगळा काढतो.

पण हुशार मुलेच जास्त चुकली, तर निर्देशांक ऋण येतो. अशा वेळी मुलांना दोष देण्याआधी उत्तरसूची तपासावी.

२०२४ च्या ‘नीट’ परीक्षेत अणूविषयीच्या एका प्रश्नाला दोन उत्तरे ग्राह्य धरली गेली. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात, हे विधान जुन्या पाठ्यपुस्तकात होते. युरेनियमचा अणू स्थिर कोठे असतो? वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने दिल्लीच्या आयआयटीतील तज्ज्ञांचे मत मागवले आणि त्यांनी एकच उत्तर बरोबर ठरवले. दुसरे उत्तर लिहिणाऱ्या चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे चार गुण गेले, वर चुकीबद्दल एक कापला गेला, आणि साऱ्या देशाची गुणवत्ता यादी नव्याने लावावी लागली.