अळूचं पान निर्वातात

पाऊस ओसरल्यावर परसातल्या अळूकडे जाऊन बघा. पानाच्या खोलगट भागात टपोरा थेंब डुलत असतो. देठाला जरा धक्का लागला की तो घरंगळतो आणि मागे ओलाव्याचा मागमूसही उरत नाही. टिकणार नाही अशा गोष्टीला ‘अळवावरचं पाणी’ म्हणणाऱ्यांचं निरीक्षण बिनचूक होतं. पाणी टिकत का नाही, हे कळायला मात्र विसाव्या शतकातलं एक यंत्र यावं लागलं.

विल्हेल्म बार्थलॉट हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ १९७०च्या दशकात निरनिराळ्या पानांचे पृष्ठभाग स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. यंत्रात ठेवण्याआधी तुकतुकीत पानं धुऊन घ्यावी लागत. जी पानं यंत्रात खडबडीत दिसत, ती मात्र आधीच स्वच्छ असत. गुळगुळीत भांडं लवकर घासून निघतं या आपल्या अनुभवाच्या हे अगदी उलट. पुढे १९९७ मध्ये त्यांनी ख्रिस्तोफ नाइनहुइस यांच्यासह कमळाच्या पानाचं कोडं सविस्तर उलगडलं. त्यांनी तपासलेल्या वनस्पतींत आपला अळूही होता. पानावर काही मायक्रोमीटर आकाराचे उंचवटे असतात आणि त्यांच्यावर त्याहून कितीतरी बारीक मेणाचे स्फटिक. थेंब फक्त त्या शेंड्यांवर टेकतो, खाली हवा अडकलेली राहते, आणि घरंगळताना तो धूळही उचलून नेतो.

‘सेम’ या नावानं आपल्या प्रयोगशाळांत ओळखलं जाणारं हे यंत्र एम.एस्सी.च्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतं ते अहवालातल्या एका करड्या चित्रापुरतं. सॅम्पल दिलं, पंधरवड्यानं फाइल आली, प्रबंधात चिकटवली. चित्र इतकं खरं दिसतं की तो कॅमेऱ्यानं काढलेला फोटो नाही, हेच विसरायला होतं.

मग ते असतं तरी काय? दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असल्यानं साध्या सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरहून जवळ असलेले दोन ठिपके वेगळे दाखवता येत नाहीत. २० किलोव्होल्टनं पळवलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी जेमतेम ०.००८६ नॅनोमीटर. पाठ्यपुस्तकं बहुधा इथेच पुढच्या धड्याकडे वळतात, पण सेममध्ये तरंगलांबी ही खरी अडचण नसतेच. चुंबकीय भिंगांनी इलेक्ट्रॉनची शलाका किती टोकदार करता येते, यावर सगळं अवलंबून असतं. टंगस्टनची तार तापवून इलेक्ट्रॉन काढणाऱ्या यंत्रात तीन-चार नॅनोमीटरपर्यंतचा तपशील मिळतो, फील्ड एमिशन गनच्या यंत्रात एका नॅनोमीटरच्या आसपास.

ही शलाका नमुन्यावर नांगराच्या तासांसारखी एकामागून एक ओळ ओढत जाते. नांगर शेताच्या टोकाला वळून परततो. इथे शलाका प्रत्येक ओळीनंतर पुन्हा पहिल्या बांधाशी आणून ठेवली जाते, एवढाच फरक. ती टेकेल त्या प्रत्येक ठिकाणी नमुन्यातले काही इलेक्ट्रॉन बाहेर फेकले जातात. त्यातल्या ५० इलेक्ट्रॉन व्होल्टहून कमी ऊर्जेच्यांना दुय्यम इलेक्ट्रॉन म्हणतात. ते इतके अशक्त असतात की वरच्या काही नॅनोमीटरच्या थरातलेच बाहेर पडू शकतात. बाजूला डिटेक्टरची काहीशे व्होल्टची जाळी त्यांना ओढून घेते, मागचा दहा किलोव्होल्टचा पडदा त्यांच्या माऱ्यानं चमकतो आणि ती चमक विजेच्या संकेतात बदलते. संकेत जास्त तर पडद्यावरचा ठिपका उजळ, कमी तर काळा. असे लाखो ठिपके मिळून चित्र होतं. यंत्रात भिंगं आहेत, पण प्रतिमा पाडणारं भिंग एकही नाही.

विवर्धनाचं गणितही त्यामुळे शाळकरी होतं. पडद्यावरचं चित्र २० सेंटिमीटर रुंद आणि शलाका फिरली ती पट्टी २० मायक्रोमीटर, म्हणजे दहा हजार पट. तेच चित्र मासिकात पाच सेंटिमीटरचं छापलं की कोपऱ्यातला ‘१०,०००’ हा आकडा खोटा ठरतो. खालची मोजपट्टी चित्राबरोबर लहान-मोठी होते, म्हणून विश्वास तिच्यावर ठेवायचा.

चित्र वाचण्याची एक युक्ती आहे. आपला डोळा शलाका सोडणाऱ्या इलेक्ट्रॉन गनच्या जागी आहे आणि दिवा डिटेक्टरच्या जागी, असं समजायचं. डिटेक्टरकडचे उतार उजळ दिसतात, पलीकडचे सावलीत जातात. कडा आणि शेंडे तर विशेषच लखलखतात, कारण तिथून इलेक्ट्रॉनना निसटायला वाटा जास्त. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पाहिलेल्या डोंगररांगेसारखं हे चित्र आपल्या मेंदूला लगेच कळतं, आणि फसगतही तिथेच होते. चमकणारी कड म्हणजे तिथे वेगळा पदार्थ आहे, असा निष्कर्ष काढलेले अहवाल मी वाचले आहेत. पदार्थातला फरक बघायचा तर मागे उसळून येणारे जोमदार इलेक्ट्रॉन टिपावे लागतात. त्यांच्या चित्रात जड मूलद्रव्यं उजळ दिसतात. कुठलं मूलद्रव्य ते नमुन्यातून निघणारे क्ष-किरण सांगतात. रंग मात्र यातल्या कशातच नसतो. मासिकांतली निळी-केशरी मुंगी संगणकावर रंगवलेली असते.

यंत्र घडायला वेळ लागला. मॅक्स नॉल यांनी १९३५ मध्ये फिरत्या शलाकेनं प्रतिमा मिळवून दाखवली. अमेरिकेत आरसीए कंपनीत झ्वोरिकिन आणि सहकाऱ्यांनी १९४२ मध्ये ५० नॅनोमीटरपर्यंत मजल मारली, पण चित्रं इतकी कणीदार येत की काम तिथेच थांबलं. केंब्रिजमध्ये चार्ल्स ओटली यांनी १९४८ मध्ये तोच विषय पुन्हा हाती घेतला, तेव्हा हा वेळेचा अपव्यय आहे असं सांगणारे जाणकार पुष्कळ होते. ओटली विद्युत अभियंते, युद्धकाळात रडारवर काम केलेले. क्षीण संकेत गोंगाटातून कसा वेचायचा, हे त्यांना नवं नव्हतं. त्यांचे विद्यार्थी डेनिस मॅकमुलन यांच्यापासून पिढीमागून पिढी यंत्र सुधारत गेली. वर वर्णिलेला डिटेक्टर एव्हरहार्ट आणि थॉर्नली यांचा, १९६०चा. बाजारातला पहिला सेम, ‘स्टीरिओस्कॅन’, आला १९६५ मध्ये.

आता आपलं अळूचं पान. यंत्राच्या आत निर्वात लागतो, नाहीतर हवेच्या रेणूंवर आपटून शलाका विखुरते. ओलं पान निर्वातात गेलं तर पाण्याची वाफ होऊन पेशी चोळामोळा होतात. म्हणून जीवशास्त्रात रूढ कृती अशी: नमुना अल्कोहोल किंवा अॅसिटोनमधून नेऊन पाणी काढायचं, मग द्रव कार्बन डायऑक्साइड भरून तो ३१ अंश सेल्सियसच्या वर नेत सुकवायचा. कीटकांवर ही कृती करून माझा हात बसला होता. त्याच भरवशावर मी अळूचा तुकडाही अॅसिटोनमध्ये टाकला. चित्र सुरेख आलं: गोल, गुळगुळीत उंचवट्यांच्या ओळीच्या ओळी. मेणाचा एक कण नाही. अळूवर मेण नसतंच, असं वहीत लिहूनही ठेवलं. ते अॅसिटोनमध्ये विरघळून गेलं होतं, हे शेजारच्या टेबलावरच्या ऑपरेटरनं हसत सांगितलं.

दुसऱ्या खेपेला तुकडा नुसता सावलीत वाळवला. पेशी थोड्या आकसल्या, पण मेण जागेवर राहिलं. अॅल्युमिनियमच्या स्टबवर (नमुन्याच्या बैठकीवर) कार्बनची दुहेरी चिकटपट्टी, तिच्यावर पान. पान विजेचं वाहक नसल्यानं येणारे इलेक्ट्रॉन त्याच्यावर साचतात आणि चित्रात पांढरे फराटे उठतात. ते टाळायला सोन्याचा मुलामा द्यायचा. इथेही हात आखडता हवा. मुलामा जाड झाला तर मेणाचे बारीक स्फटिक सोन्याखाली बुजतात. २० किलोव्होल्टचे इलेक्ट्रॉन अशा पानात काही मायक्रोमीटर खोल घुसतात आणि पृष्ठभागाचा तपशील पुसट होतो. शिवाय एकाच जागी रेंगाळलेली शलाका मेण वितळवते. म्हणून दोन-तीन किलोव्होल्टवर उतरलो, फोकस शेजारच्या जागेवर केला, मग हव्या त्या जागी येऊन एकदाच झरझर चित्र घेतलं. उंचवट्यांवर मेणाची दाट लव दिसली. माझ्या वहीतलं पहिलं वाक्य मी खोडलं नाही, त्याच्याखाली तारीख घालून दुसरं लिहिलं.

तेव्हा विद्यार्थीमित्रांनो, सॅम्पल नुसतं पाठवून देऊ नका. शक्य असेल तर ऑपरेटरशेजारी बसा. नमुना कसा वाळवला, मुलामा किती दिला, किती किलोव्होल्ट होते, हे चित्राखाली लिहा. आधी कमी विवर्धनावर सगळा तुकडा फिरून पाहा, मग आत शिरा. २० बाय १५ मायक्रोमीटरच्या चित्रांनी एक चौरस सेंटिमीटर पान पुरं पाहायचं तर सव्वातीन लाखांहून अधिक चित्रं लागतील. तुमच्या प्रबंधात त्यातलं एक असणार आहे. बाकीच्या निदान दहा जागा पाहून मगच ते निवडा.