वारंवार खाज? आधी साखर तपासा!

आपल्या रावेर-यावल भागात जास्त पिकलेली केळी दोन दिवस तशीच राहिली, की त्यांना आंबूस, दारूसारखा वास येतो. ही करामत यीस्ट नावाच्या सूक्ष्म बुरशीची. जीव एकाच पेशीचा. पण साखरेच्या बाबतीत मोठा हिशेबी!

यीस्टच्या पेशीच्या आवरणात साखर आत घेणारी प्रथिनांची दारे असतात. पाव फुगविणाऱ्या यीस्टमध्ये अशा दारांचे १५ हून अधिक प्रकार सापडले आहेत. बाहेर साखर तुटपुंजी असली, की ते कण न् कण पकडणारी दारे बसविते. साखर मुबलक झाली, की ती मोडीत काढून दुसरी बसविते. आवरणावरचे पहारेकरी बाहेरची साखर सतत चाचपत असतात.

या यीस्टचा एक भाऊबंद म्हणजे कँडिडा. साखर ओळखण्याची अशीच सोय त्याच्याकडेही आहे. निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात, स्त्रियांच्या योनिमार्गात तो निमूटपणे राहतो. मधुमेहात मात्र लघवीतून साखर जाऊ लागते, प्रतिकारशक्तीही मंदावते. मग कँडिडाची दिवाळीच!

धुळ्याकडच्या पन्नाशीतल्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. "डॉक्टरसाहेब, सहा महिने मलम लावते आहे. खाज थांबते अन् पुन्हा सुरू होते." लाजेपोटी मलम दुकानातून परस्पर आणलेले. मी रक्त तपासायला सांगितले. उपाशीपोटी साखर २१० निघाली! मधुमेह असल्याचा त्यांना पत्ताच नव्हता. औषधे व पथ्य सुरू झाले, साखर आटोक्यात आली, तेव्हाच मलमाचा गुण टिकला.

म्हणून जांघेत वा गुप्तांगावर वारंवार खाज, पांढरा स्राव, जिभेवर पांढरा थर दिसल्यास, पुरुष असो वा स्त्री, साखर तपासून घ्यावी. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक आल्यास डॉक्टरांना दाखवून खात्री करून घ्यावी. गरोदरपण व अँटिबायोटिक्स यांमुळेही हा त्रास होतो. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर काढतात. त्यांनीही खाज सुटू शकते. मात्र गोळी परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे. स्टेरॉइड मिसळलेली मलमे मनाने लावू नयेत. खाज दबते, बुरशी जात नाही.

बुरशीला आपली साखर आपल्याआधी कळते. आपण लाजून मागे का राहावे?