शुश्रूषेची खोली हेही कामाचेच ठिकाण

वडिलांना रुग्णालयातून घरी आणले, त्या दिवशी आमच्या हाती एक जाड फाईल आली. तिच्यात प्रत्येक गोळीची वेळ होती, पथ्यपाणी होते, पुढच्या तपासणीची तारीख होती. पक्षाघाताने उजवी बाजू लुळी पडलेल्या ६२ किलो वजनाच्या माणसाला ६७ वर्षांच्या आईने दिवसातून आठ-दहा वेळा कसे उठवायचे, याविषयी मात्र त्यात एक ओळही नव्हती. अकराव्या दिवशी पहाटे वडिलांना शौचाची घाई झाली. आईने नेहमीप्रमाणे त्यांच्या दोन्ही काखांत हात घालून त्यांना उचलले, कमरेतून वळली आणि कळ येऊन तशीच पलंगाच्या कडेवर बसली. पुढचे तीन आठवडे आमच्या घरात एकाऐवजी दोन रुग्ण होते.

त्यानंतर घरी आलेल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी रुग्णाकडे पाहण्याआधी पलंगाची उंची पाहिली. मग न्हाणीघराचा उंबरा पाहिला आणि शेवटी आईच्या पायांतल्या गुळगुळीत सपाता. त्या म्हणाल्या, “कारखान्यात असे यंत्र असते, तर त्यावर कोणाला काम करू दिले नसते.” तेव्हा प्रथमच आमच्या लक्षात आले की, आजारी माणसाची खोली हे कोणाचे तरी कामाचे ठिकाण असते. तेथे पत्नी काम करते, सून करते, मुलगा करतो. दिवसपाळीला आणि रात्रपाळीला येणाऱ्या मावशी करतात. पण सेवा या शब्दाच्या मोठेपणाखाली त्या कामातले धोके झाकले जातात.

कायद्याने हे काही अंशी मान्य केलेले आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात राहते घर हेही ‘कामाचे ठिकाण’ मानले आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२२ मध्ये सुरक्षित व निरोगी कार्यस्थळाचा समावेश कामगारांच्या मूलभूत हक्कांत केला. मात्र घराच्या आत कोणी निरीक्षक येत नाही. तेथे हे काम कुटुंबालाच करावे लागते.

आधी धोका हटवा, हातमोजे नंतर

औद्योगिक सुरक्षेच्या शास्त्रात उपायांची एक उतरंड सांगितली जाते. सर्वांत वर धोका समूळ काढून टाकणे. ते न जमल्यास धोक्याची वस्तू बदलून कमी धोक्याची वापरणे. मग जागेच्या रचनेत बदल करणे. त्यानंतर कामाची पद्धत व प्रशिक्षण. आणि सर्वांत शेवटी हातमोजे, मास्क यांसारखी अंगावर घालायची साधने. आपण घरी नेमके उलटे करतो. हातमोज्यांचा खोका आणतो, ‘जपून कर हो’ असे सांगतो आणि सुरक्षा झाली असे समजतो.

ही उतरंड घरात अशी उतरते. वडिलांना रात्री शौचालयापर्यंत नेणे हाच मोठा धोका होता. पलंगाशेजारी कमोड खुर्ची आणली आणि रात्रीची ती फेरीच संपली. न्हाणीघरात भिंतीला बोल्टने पक्का दांडा बसवला; टॉवेल वाळत घालायचा दांडा माणसाचे वजन पेलत नाही. पलंग फार खाली होता. अनेक घरांत अशा वेळी पलंगाच्या पायांखाली विटा ठेवतात, पण त्या सरकतात. सुताराकडून मध्यभागी खोलगट खाच असलेले लाकडी ठोकळे करून घेतले, तर पाय त्यात घट्ट बसतात. ज्यांना उंची कमी-जास्त करता येणारा रुग्णालयी पलंग भाड्याने घेणे शक्य आहे, त्यांनी स्पंजिंग करताना किंवा कपडे बदलताना तो सेवा करणाऱ्याच्या कमरेइतका वर घ्यावा. रुग्णाला उठवताना मात्र त्याचे तळवे जमिनीला पूर्ण टेकतील इतका तो खाली असावा.

पाठ मोडते ती कशाने?

अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या सूत्रानुसार, सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही हाताने उचलायच्या ओझ्याची मर्यादा २३ किलो धरली जाते. माणूस हे तर अवघड ओझे. त्याला धरायला कडी नसते, तो मध्येच घाबरून झुकतो. म्हणून रुग्ण हलवताना ही मर्यादा सुमारे १६ किलोपर्यंत खाली आणली जाते. ६० किलोच्या माणसाचा एक पायच साधारण १० किलोचा असतो, हे ध्यानात घेतले तर एकट्याने रुग्णाला ‘उचलणे’ हा शब्दच आपल्या कोशातून काढून टाकावा लागेल. रुग्णाला सरकवायचे असते, वळवायचे असते, त्याच्या उरलेल्या शक्तीला आधार द्यायचा असतो.

कमरेला पट्टा बांधला म्हणजे पाठ सुरक्षित झाली, हाही गैरसमज आहे. निरोगी माणसाने ओझे उचलताना पट्टा बांधल्याने इजा टळते, हे सिद्ध झालेले नाही. उलट खोट्या विश्वासाने तो अधिक ओझे उचलू लागतो. उपयोगी पट्टा वेगळा. तो रुग्णाच्या कमरेला, कपड्यांवरून बांधायचा असतो, म्हणजे सेवा करणाऱ्याला धरायला जागा मिळते. पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा पोटाला नळी असेल, तर तो डॉक्टरांना विचारूनच बांधावा.

पलंगावरून खुर्चीत

ही कृती वाचून नव्हे, तर जाणकारासमोर दोन-चार वेळा करूनच शिकावी. क्रम असा असतो.

चाकाची खुर्ची रुग्णाच्या सशक्त बाजूला, पलंगाशी तिरकी लावा. दोन्ही ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या वर करा. रुग्णाला पलंगाच्या कडेवर बसवून दोन मिनिटे थांबा. आडवे असलेले माणूस एकदम उठले की रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. त्याचे तळवे जमिनीवर सपाट, गुडघ्यांच्या किंचित मागे असावेत. तुम्ही पाय फाकवून, गुडघे वाकवून समोर उभे राहा आणि त्याच्या अशक्त गुडघ्याला आपल्या गुडघ्याचा आधार द्या. त्याचे हात तुमच्या गळ्यात नकोत. ते खुर्चीच्या हातावर किंवा गादीवर असावेत. त्याला पुढे झुकायला सांगा, इतके की नाक पायांच्या बोटांच्या रेषेवर येईल. मग मोठ्याने ‘एक, दोन, तीन’ म्हणा आणि तीनला दोघांनी मिळून उठा. वळताना कमरेतून पिळू नका, लहान लहान पावले टाकत संपूर्ण शरीराने वळा.

काखेत हात घालून किंवा लुळा हात ओढून कधीही उठवू नये. पक्षाघातात खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात. ओढल्याने सांधा निखळू शकतो. आमच्या आईने अकरा दिवस हेच केले होते, म्हणजे धोका दोघांनाही होता.

पलंगावर खाली घसरलेल्या रुग्णाला वर घ्यायचे असेल, तर पलंग आधी सपाट करा. खांद्यांपासून मांड्यांपर्यंत येईल अशी दुमडलेली चादर त्याच्या अंगाखाली असू द्या. दोन्ही बाजूंना दोघांनी उभे राहून ती चादर सरकवायची. रुग्णाला शक्य असेल तर तो गुडघे दुमडून टाचांनी रेटा देतो आणि हनुवटी छातीकडे घेतो. दुसरे माणूस नसेल आणि तातडी नसेल, तर ते येईपर्यंत थांबणे यात कमीपणा नाही.

आणि तरीही तोल गेलाच तर? पडणाऱ्या माणसाला तोलून धरण्याचा मोह आवरावा. त्याला आपल्या मांडीवरून हळूहळू जमिनीवर घसरू द्यावे, डोके तेवढे सांभाळावे. लगेच उचलू नये. कोठे दुखते ते विचारावे. खुब्यात तीव्र वेदना असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, डोक्याला मार लागला असेल, तर न हलवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

सुई, ॲसिड आणि प्राणवायू

इन्शुलीनच्या सुया बहुतेक घरांत कचऱ्याच्या पिशवीत जातात आणि सफाई कामगाराच्या हाताला टोचतात. दुसऱ्याला टोचलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये; बहुधा त्याच क्षणी बोटाला टोचते. जाड प्लॅस्टिकची, घट्ट झाकणाची रिकामी बाटली पलंगापाशी ठेवावी, पाऊण भरली की बंद करून त्यावर ‘सुया’ असे लिहावे आणि दवाखान्यात द्यावी किंवा घंटागाडीवर वेगळी सोपवावी. चुकून टोचलेच, तर जागा साबण-पाण्याने धुवावी, पिळू नये आणि शक्यतो दोन तासांच्या आत डॉक्टरांकडे जावे. एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्या ७२ तासांनंतर सुरू करून उपयोग होत नाही. हिपॅटायटिस बी या काविळीवर लस आहे. शून्य, एक आणि सहा महिने अशा तीन मात्रा मावशींना आणि घरच्या सेवेकऱ्यांना मिळाल्या आहेत का, हे आजच विचारावे.

शौचालय धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात जीव गुदमरतो. घरी प्राणवायूचे यंत्र किंवा सिलिंडर असेल, तर त्या खोलीत उदबत्ती, निरांजन, विडी यांतले काहीही पेटवू नये. चेहऱ्याला व्हॅसलीन किंवा तेल लावू नये. सिलिंडर उभा ठेवून साखळीने बांधावा.

ज्याविषयी आपण बोलत नाही

पाठीच्या दुखण्यापेक्षा अवघड असे काही धोके असतात. स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध कधी मारतात, चावतात, शिव्या देतात. कधी मावशींना नको तेथे हात लावला जातो आणि घरचे ‘म्हातारपण आहे, मनावर घेऊ नका’ असे म्हणून विषय मिटवतात. आजार हे कारण असू शकते; पण इजा होते ती खरीच असते. अशा वेळी तक्रार ऐकून घ्यावी, डॉक्टरांना सांगावे, अंघोळीच्या वेळी दुसरे माणूस हजर ठेवावे. आजाराची सबब नसेल, तर वर सांगितलेल्या कायद्याचे संरक्षण मावशींनाही आहे, याची जाणीव घरात सर्वांना असावी.

झोप हाही सुरक्षेचाच प्रश्न आहे. सलग १२ तास जागलेल्या माणसाच्या हातून औषधाची चूक होते, ब्रेक लावायचा राहतो. पाळी करणाऱ्यांना बसायला खुर्ची, जेवायला वेळ आणि आठवड्याची सुट्टी देणे हा रुग्णाच्या औषधपाण्याचाच भाग मानावा.

एक वही, वीस मिनिटे

कारखान्यांत ‘थोडक्यात बचावलो’ अशा प्रसंगांची नोंद ठेवतात, कारण खऱ्या अपघाताआधी त्याच्या अशा चाहुली लागत असतात. आम्ही आईच्या उशाशी तशी वही ठेवली. पहिल्या आठवड्यात चार नोंदी झाल्या: पायपुसणे सरकले, खुर्चीचा डावा ब्रेक सैल, रात्री दिव्याचे बटण सापडले नाही, मावशींचा पाय ओल्या फरशीवर घसरला. चारही गोष्टी रविवारी दुपारपर्यंत दुरुस्त झाल्या.

आपणही एका सकाळी वीस मिनिटे काढा. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत वही घेऊन चाला आणि सेवा करणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: “यात तुम्हाला सर्वांत जड काय जाते?” उत्तर लिहून घ्या आणि उतरंडीच्या वरच्या पायरीपासून उपाय शोधा.

प्रशिक्षणासाठी फार दूर जावे लागत नाही. रुग्णालयातून निघण्याआधी परिचारिकेला किंवा फिजिओथेरपिस्टला उठवण्या-बसवण्याची कृती दाखवायला सांगा आणि ती त्यांच्यासमोर स्वतः करून दाखवा. मावशी ठेवताना त्यांनी गृहशुश्रूषेचे प्रशिक्षण घेतले आहे का, ते विचारा. नसेल तर घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या एका भेटीत त्यांनाही सामील करून घ्या. ज्येष्ठांसंबंधीच्या मार्गदर्शनासाठी १४५६७ ही राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक हेल्पलाइनही आहे.

वाचकांपैकी जे स्वतः अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यांनाही एक विनंती. तुमच्या हाती बरेच काही आहे. ‘मी तयार आहे’ असे सांगणे, गळ्याला मिठी न मारणे, जमेल तेवढा रेटा देणे आणि वही भरली जाते आहे ना, यावर लक्ष ठेवणे. आमच्या घरात ते काम वडिलांनी डाव्या हाताने केले. वहीतली पाचवी नोंद त्यांच्या वेड्यावाकड्या अक्षरात होती: ‘हिच्या सपाता बदला.’