मूळ खेळ हरवला कुठे?

घरातल्या कपाटात जुन्या संगणकखेळांच्या सीडी पडून असतील, तर त्या टाकून देऊ नका. ‘डॉस’ या जुन्या प्रणालीसाठी लिहिलेले खेळ आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर थेट चालत नाहीत, हे खरे. पण त्यावर तोड आहे. २००२ साली प्रथम आलेली ‘डॉसबॉक्स’ ही विनामूल्य आज्ञावली तुमच्या नव्या संगणकाच्या पोटात एक जुना संगणक उभा करते. हा संगणक हाताला लागत नाही. त्याचा प्रोसेसर, साउंड कार्ड, डिस्क या साऱ्यांची ती केवळ नक्कल असते. अशी नक्कल करणाऱ्या आज्ञावलीला एम्युलेटर म्हणतात.

आता ‘वॉरक्राफ्ट २’ हा १९९५ सालचा खेळ घ्या. त्याचा विस्तारसंच ‘बियाँड द डार्क पोर्टल’ १९९६ साली निघाला. विस्तारसंच म्हणजे स्वतंत्र खेळ नव्हे, तर मूळ खेळावर चढवलेला नवा मजला. खालचा मजला असल्याखेरीज वरचा बांधता येत नाही. त्यामुळे असे संच बसवताना आधी मूळ खेळाचा शोध घेतला जातो आणि नेमके इथेच गाडे अडते. मूळ खेळ झकास चालत असतो, तरीही ‘मूळ खेळ सापडत नाही’ अशी सूचना पडद्यावर येते!

असे का व्हावे? भूमितीतील आलेख आठवा. कागदावरचा बिंदू जागचा हलला नाही, तरी आरंभबिंदू सरकवला की त्याचे निर्देशक बदलतात. डॉसबॉक्सचेही तसेच आहे. त्याला तुमची सारी डिस्क दिसत नाही. ‘माउंट’ या आज्ञेने तुम्ही जो फोल्डर दाखवाल, तोच त्याचा ‘सी’ ड्राइव्ह, म्हणजे त्याचा आरंभबिंदू.

समजा, पहिल्या दिवशी तुम्ही ‘खेळ’ हा फोल्डर ‘सी’ म्हणून दाखवला आणि त्याच्या आत ‘वॉर’ या फोल्डरात मूळ खेळ बसवला. खेळाचा पत्ता झाला ‘सी’मधील ‘वॉर’. दुसऱ्या दिवशी तुम्ही थेट ‘वॉर’ हाच फोल्डर ‘सी’ म्हणून दाखवलात. फायली जिथल्या तिथेच आहेत, पण ‘सी’मध्ये ‘वॉर’ नावाचे काही उरलेच नाही! विस्तारसंच जुन्या पत्त्यावर जाऊन रिकाम्या हाताने परत येतो. डॉसबॉक्स बंद केले की माउंट केलेले ड्राइव्ह विसरले जातात, म्हणून ही चूक सहज घडते. उपाय सोपा आहे. माउंटच्या ओळी डॉसबॉक्सच्या मांडणी-फायलीत, ‘ऑटोएक्झेक’ या शेवटच्या भागात लिहून ठेवा. मग आरंभबिंदू दर वेळी एकच राहील.

पत्ता बरोबर असूनही अडचण आली, तर पुढील गोष्टी क्रमाने तपासा.

१. सीडी : सीडीचा ड्राइव्ह साध्या फोल्डरासारखा माउंट केला, तर तो डॉसबॉक्सला हार्ड डिस्कच वाटतो. हा सीडी-रोम आहे, असे आज्ञेतच सांगावे लागते. सीडीला स्वतःचे नाव, म्हणजे लेबल असते. काही खेळ ते वाचून खात्री करून घेतात. सीडीतल्या फायली नुसत्या फोल्डरात उतरवल्या, तर हे लेबल मागेच राहते.

२. नव्या फायली : डॉसबॉक्स चालू असताना बाहेरून, म्हणजे विंडोजमधून, एखादी फाईल आणून ठेवली तर ती आत लगेच दिसेलच असे नाही. कंट्रोल आणि एफ-४ या कळा एकत्र दाबल्या की फायलींची यादी ताजी होते.

३. नावे : डॉसमध्ये फाईलच्या नावाला ८ आणि पुढच्या प्रत्ययाला ३ अक्षरांचीच मुभा होती. लांबलचक नावाचा फोल्डर आत आखूड होऊन दिसतो. म्हणून नावे सुरुवातीपासूनच छोटी ठेवावीत.

४. क्रम : आधी मूळ खेळ, मग विस्तारसंच आणि शेवटी त्यावरील दुरुस्त्या. क्रम उलटला, तर जुनी फाईल नव्या फायलीवर बसण्याचा धोका असतो.

या साऱ्याआधी मूळ खेळाच्या फोल्डरची एक प्रत काढून ठेवा. त्यातच तुमचे अर्धवट सोडलेले डावही असू शकतात. प्रत असली, तर बिघडले तरी पुन्हा पूर्वस्थितीला येता येते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. ओहमचा नियम पडताळताना आपण विभवांतर बदलतो, तेव्हा रोध तोच ठेवतो. दोन्ही एकदम बदलले, तर प्रवाह कशामुळे बदलला हे कसे कळणार? इथेही तीन उपाय एकदम केले आणि खेळ चालू झाला, तर खेळ मिळेल, पण कारण मिळणार नाही.

करून पाहा : छोट्या इंग्रजी नावाचा एक फोल्डर, त्यात दुसरा आणि त्यात एक फाईल ठेवा. डॉसबॉक्समध्ये प्रथम बाहेरचा फोल्डर ‘सी’ म्हणून माउंट करा आणि फाईलचा पत्ता वहीत लिहा. नंतर डॉसबॉक्स बंद करून पुन्हा उघडा, आतला फोल्डर माउंट करा आणि पत्ता पुन्हा लिहा. फाईल हलली नाही, मग पत्ता का बदलला? याचे उत्तर स्वतःच्या शब्दांत मांडता आले, की हरवलेला खेळ शोधणे तुम्हाला जड जाणार नाही.